म्हाळाचं दुसरं पान

भटजी तर्पण उरकून पुढच्या घरी गेले, सून विनीताने घरासमोरच्या खळ्यातल्या चिऱ्यावर कावळ्याचं पान ठेवलं, आणि दत्ताराम कोयंडे मनातल्या मनात बापाला म्हणाला, लवकर ये आणि घास घेऊन जा. आज तुझ्यासमोर फार वेळ बसायची माझी छाती नाही.

म्हाळाला, पितरांच्या या जेवणाला, सगळे कोयंडे एका पंक्तीला जेवतात, ही त्या घराची रीत. धाकटा भाऊ बाबू, रापणीच्या होडीचा तांडेल म्हणजे म्होरक्या, वरच्या घरातून यायचा. थोरली बहीण रुक्मिणी आचऱ्याहून यायची, आणि आल्या आल्या सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसायची. या वर्षीही सगळे आले. पण बाबू आला तो गाल फुगवून, आणि त्याच्यामागून त्याचा मुलगा सर्वेश आला तो कुणाकडेही न बघता. बापलेक परवापासून एकमेकांशी बोलत नव्हते.

परवा काय झालं ते अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. म्हणजे दत्तारामने जे सांगितलं, ते ठाऊक होतं.

रापण हे काही एकट्यादुकट्याचं काम नव्हे. वाडीचं मिळून एक जाळं. टेकाडावर बसलेल्या माणसाने समुद्रावर डोळा ठेवायचा. बांगड्याची झुंड आली की पाण्याचा रंग पालटतो, एक काळपट डाग किनाऱ्याकडे सरकायला लागतो. तो दिसला की टेकाडावरून लाल फडका हलवायचा. मग होडीने जाळं सोडत अर्धा गोल घ्यायचा, आणि बाकीच्यांनी वाळूत पाय रोवून दोन्हीकडून दोर ओढायचे. टेकाडावरची ती जागा कोयंड्यांची. आधी दत्तारामच्या बापाची आणि बाप गेल्यापासून दत्तारामची. नजरेचा म्हणून एक जादा वाटा मिळतो, पण वाट्याचं काय घेऊन बसलात, मान त्या जागेचा. नारळी पुनवेला दर्यात पहिला नारळ कुणी सोडायचा, तर टेकाडावर बसतो त्याने.

परवा बांगडा आला. असा आला की पलीकडच्या वाडीला जाळं ओढायला घराघरांतल्या बाया बोलवाव्या लागल्या. आणि गेला तो याच टेकाडाखालून, या वाडीची होडी पाण्यात डुलत असताना. बाबू तणतणत टेकाड चढून आला तेव्हा दत्ताराम म्हणाला, ‘‘मी फडको हलवलंय रे! तुझ्या झिलान बघूक नाय. मोबाईलात डोका घालून बसलो आसतलो.’’

फडक्याकडे लक्ष ठेवायचं काम होडीच्या पुढच्या टोकाला बसलेल्या सर्वेशचं. बाबूने किनाऱ्यावर, दत्तारामसकट सगळ्या रापणकरांसमोर आपल्या जाणत्या मुलाच्या कानाखाली वाजवली. सर्वेश एवढंच म्हणाला, ‘‘माझो मोबाईल घराकडे आसा. चार्जिंगाक लावलंय.’’ माणसं हसली. आजकालचा पोरगा आणि मोबाईल घरी ठेवून आला? सांग तुझ्या आजीला! काल त्याने सांगून टाकलं, म्हाळ झाला की गोव्याला ट्रॉलरवर कामाला जातो. आज जेवायला आला तो भरलेली बॅग खांद्याला लावूनच.

आणि खरं काय होतं? खरं दत्तारामच्या सदऱ्याच्या खिशात होतं.

बायको गेली त्या वर्षी त्याच्या मुलाने, दत्तप्रसादने, जहाजावरून सुट्टीला येताना तो मोबाईल आणून दिला होता. आबांचा वेळ जाईल म्हणून. वेळ गेला, चांगलाच गेला. आधी भजनं, मग भजनांच्या खालची नाचणारी पोरं, मग कुठल्या तरी देशातला माणूस नुसत्या हातांनी तळं खणतो ते, मग मांजरं. अंगठ्याने वर सारलं की नवीन. हे नाही आवडलं तर ते, ते नाही तर आणखी पुढचं, आणि हे सगळं बसल्या जागी. समुद्राचं तसं नाही. समुद्राकडे सकाळभर बघावं तेव्हा एखाद्या वेळी काही दिसतं, पुष्कळदा तेही नाही. इतकी वर्षं दत्तारामला ते कधी जाचलं नव्हतं. उलट त्याला त्या रिकाम्या पाण्याची गोडी होती. गेल्या वर्षा-दीड वर्षात मात्र रिकामं पाणी दिसलं की अंगठा वळवळायला लागायचा. परवा त्याने एकच व्हिडिओ बघायचं ठरवलं होतं. एकावर थांबलेला माणूस कुणी बघितलाय का?

‘‘का, का, का!’’ रुक्मिणीने पदर खोचून हाळी घातली. ‘‘येवा रे! वडे गरम आसत!’’

एरवी खळ्यात पापड वाळत घालायची सोय नाही इतके कावळे. आज पान मांडलं तर एकाचा पत्ता नाही.

‘‘पितृपंधरवड्यात तेंका घराघरांत आवतणां,’’ विनीता म्हणाली. ‘‘आज ते जावयासारखे येतले.’’

‘‘तू वड्यात मेथी जास्त घातलंस, म्हणान येणत नाय,’’ रुक्मिणीने ठेवून दिलं.

कावळा शिवेपर्यंत कुणी ताटावर बसायचं नाही. सगळे पडवीत बसून राहिले. आणि नुसतं बसायचं म्हटलं की हल्ली माणसाचा हात कुठे जातो, ते काय सांगायला हवं? विनीताने पानाचा फोटो काढला, नवऱ्याला पाठवायला. जहाजावर बिचाऱ्याला घरचं जेवण निदान बघायला तरी मिळावं. फोटो पाठवून झाला, मोबाईल काही खाली गेला नाही. बाबूने उद्याचा वारा बघायला म्हणून काढला आणि वाऱ्यावरून तो कुठल्याशा बंदरातल्या भांडणावर गेला. ‘‘ह्या मोबाईलान माणसां बिघाडली,’’ असं सकाळपासून बजावणाऱ्या रुक्मिणीने पिशवीतून स्वतःचा काढला. ‘‘नातवाचो नाच इलो हा, वायच बघतंय,’’ ती म्हणाली, जणू कुणी तिला विचारलं होतं.

दत्तारामने खिशावर हात ठेवला. परवाच्या प्रकारानंतर त्याने त्या वस्तूला हात न लावण्याची शपथ घेतली होती, मनातल्या मनात, म्हणजे मोडली तरी कुणाला कळणार नाही अशी. आवाज बंद आहे ना, एवढंच बघतो, तो स्वतःला म्हणाला. आवाज बंद होता. एक दाढीवाला माणूस लाकडाच्या ओंडक्यातून खुर्ची कोरत होता. पाय कोरून होईपर्यंत बघू. पाय झाले, पण मग पाठ राहिली होती.

‘‘शिवलो कावळो,’’ पायरीवरून सर्वेश म्हणाला. ‘‘वाढा आता.’’

चारही माना वर झाल्या. खिरीचा द्रोण कलंडला होता. पानावरचा एक वडा नाहीसा झाला होता. कावळा खळ्यात नव्हता, कुंपणाच्या गडग्यावर नव्हता, कुठेच नव्हता.

‘‘केवा शिवलो?’’ बाबूने दत्तारामला विचारलं. सर्वेशला नाही.

दत्तारामने मोबाईल मांडीखाली सारला. ‘‘माका... उजेड डोळ्यार होतो.’’

‘‘आताच शिवलो,’’ सर्वेश म्हणाला. ‘‘माडावरसून खाली इलो, वडो उचलल्यान, गेलो.’’

‘‘कावळोच कशावरून? मांजर आसतला,’’ रुक्मिणी म्हणाली. ‘‘बोक्यान तोंड घातलेला पान बापाशीक पोचला असा मानून मी जेवची नाय हां, सांगान ठेवतंय.’’

‘‘आते, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.’’

‘‘तू बघितलंस!’’ बाबू पहिल्यांदा मुलाकडे वळला. ‘‘परवाय तू बघीतच होतंस, मा?’’

सर्वेश उठला. त्याने पायरीवरची बॅग उचलली आणि चपला शोधायला लागला.

‘‘अरे, म्हाळाच्या दिवशी उपाशी खंय चललंस? जेवान जा,’’ विनीता त्याच्यामागून धावली.

‘‘वैनी, जंय माझ्या शब्दाक किंमत नाय, थंय वडे काय म्हणान गिळू?’’ तो गडग्याशी जाऊन उभा राहिला. रिक्षाला फोन लावून झाला, रिक्षा यायला वेळ होता, म्हणून तो तिथेच पाठ करून थांबला.

विनीता आत गेली. दुसरं पान वाढून घेऊन आली. चिऱ्यावर पाणी शिंपडून तिने पान ठेवलं आणि सासऱ्याकडे वळली. ‘‘आबानू, आता तुमीच बघा. अख्ख्या वाडीचो भरवसो तुमच्या नजरेर, ह्या पान तेवडा सांभाळा.’’

तिच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता. तोच असता तर बरं झालं असतं, असं दत्तारामला वाटलं.

तो पुढे सरकून खांबाला टेकून बसला. मोबाईल खिशात घातला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून पानाकडे बघायला लागला. थोड्याच वेळात खिशात थरथर झाली. काय आलं असेल? दत्तप्रसादचा निरोप असेल. नसेलही. खुर्ची कोरणाऱ्याची पाठ पुरी झाली असेल. नुसतं बघून परत ठेवायला कितीसा वेळ लागतो? परवा बांगड्याला लागला तेवढाच, त्याने स्वतःला ऐकवलं, आणि हात तिथेच ठेवला. बोटं झिणझिणायला लागली. इतक्या क्षुल्लक वस्तूसाठी आपल्याला घाम फुटावा याची त्याला भयंकर लाज वाटली. तरी त्याने पानावरची नजर काढली नाही. एक मुंगळा भोपळ्याच्या भाजीला वळसा घालून गेला. केळीच्या पानाची कड वाळून आत वळायला लागली. गडग्याशी सर्वेशने बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. कावळा मात्र येईना.

पोटात कावळे ओरडायला लागले तशी रुक्मिणी भावावर उलटली. ‘‘बाबू, तुझाच चुकला. एवड्या मोठ्या झिलाक चारचौघांत मारतत? बापूस ता बघून अडून रवलो आसा.’’

‘‘काल तूच म्हणालंस, बरा केलंस म्हणान!’’

‘‘तेवा माका फोनार काय कळता? बोलान टाक बापाशीक. हात जोड.’’

कावळा अडला की घरातल्याने पानासमोर उभं राहून मागे राहिलेलं काय ते कबूल करायचं, ही रीत. बाबू कुरकुरत उठला. ‘‘बाबानू, तुमच्या जुन्या होडीक तेल लावूक जमला नाय. दिवाळेच्या आधी लावतंय.’’ कावळा आला नाही. रुक्मिणी उठली. गेल्या वर्षी ती न जेवता रुसून गेली होती ते तिने कबूल केलं, आणि चूक मुळात विनीताची होती हेही त्यात घातलं. कावळा त्यालाही आला नाही.

आता सगळे दत्तारामकडे बघत होते. चोराच्या मनात चांदणं. त्याला वाटलं, सगळ्यांना कळलंय. खरं तर कुणालाच काही कळलं नव्हतं. त्यांना भूक लागली होती, आणि घरातला मोठा माणूस तोच राहिला होता. त्याने होडीच्या तेलासारखं काहीतरी पुढे केलं असतं तरी चाललं असतं. तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर रिक्षाचा आवाज आला.

दत्ताराम उठला. पानासमोर गेला. हात जोडले.

‘‘बाबानू,’’ तो म्हणाला, आणि रिक्षाच्या आवाजावर जाईल एवढा आवाज त्याने चढवला, ‘‘परवा बांगडो इलो, तेवा मी टेकाडार होतंय, पण माझी नजर पाण्यार नव्हती. मी मोबाईल बघी होतंय. फडको मी हलवूकच नाय, मगे सर्वेशान बघूचा काय? बाबून इचारल्यान तेवा माका लाज वाटली, म्हणान मी पोराचा नाव घेतलंय. पोराचा नाव घेतला की कोणाकय खरा वाटता. तेका जो मार बसलो, तो माझो होतो. आणि आता कावळो इलो, तेवाय मी मोबाईलच बघी होतंय. सर्वेश परवा खोटा बोलूक नाय, आजय बोलूक नाय.’’

रिक्षा दाराशी येऊन थांबली. सर्वेश तिच्याकडे गेला नाही आणि वळलाही नाही.

बाबू खाली बसला. ‘‘मी माझ्या हातान माझ्या पोराक मारलंय,’’ तो म्हणाला, ‘‘आणि तू, दादा, उभो रवान बघीत रवलंस?’’

‘‘रवलंय.’’

‘‘तुका काय म्हणू मी?’’

‘‘म्हण काय ता. माका ऐकूक होया.’’

बाबूने तोंड फिरवलं. ते दत्तारामला शिव्यांपेक्षा जड गेलं.

‘‘शिरा पडो त्या मोबाईलार!’’ रुक्मिणीने स्वतःचा पदराआड केला आणि विहिरीकडे बोट दाखवलं. ‘‘दत्ता, आताच्या आता बावीत टाक तो.’’

‘‘बावीत कित्याक? आबानू, माझ्याकडे द्या,’’ विनीता म्हणाली. ‘‘मी कपाटात ठेवून चावी माझ्याकडे ठेवतंय.’’

दत्तारामने मान हलवली. ‘‘बावीत टाकलंय तर प्रसाद दुसरो धाडतलो. कपाटात ठेवलंस तर मी दिवसभर कपाटाभोवती फिरान. दुसऱ्यान काढून घेतलेला सुटणा नाय गो, वाट बघीत बसता. खिशात आसान हात जाणा नाय, असा झाला पायजे. मघाशी थरथरलो. लय जीव गेलो, पण काढूक नाय. एकदा जमला. परत जमतला काय, माका ठाऊक नाय.’’

विनीताने पुढे केलेला हात मागे घेतला. मग तिने ओट्यावरचा आपला मोबाईल उचलला आणि आत नेऊन ठेवला.

सर्वेश गडग्याकडून परत आला. डोळे लाल झाले होते, पण आवाज साधा होता. ‘‘वैनी, पान उचल ता. तो काय परत येवचो नाय. मघाशी भलो मोठो वडो खाल्ल्यान, पोट भरला तेचा.’’

रुक्मिणीला हसू आवरेना. ती तोंडावर पदर धरून आत पळाली. बाबू मात्र हसला नाही. तो उठून मुलासमोर जाऊन उभा राहिला. त्याचा हात वर आला, मुलाच्या गालापाशी थांबला, आणि मग त्याने खांद्यावरून बॅगेचा पट्टा काढून घेतला.

‘‘सर्वेशान बघितल्यान मां?’’ तो बाकीच्यांना म्हणाला. ‘‘मगे शिवलो कावळो. वाढा.’’

रिक्षावाला ओळखीच्या भंडाऱ्यांचा होता, म्हाळाला पाहुणा आयता सापडला. त्यालाही पान मांडलं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, खीर. पहिले घास भराभर गेले. भूकच तेवढी होती. मग बाबूने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

‘‘सांजेक रापणीची माणसां जमतली.’’

‘‘सांगतलंय मी,’’ दत्ताराम म्हणाला. ‘‘आता सांगितलंय तसाच. जेंच्यासमोर तेका मार बसलो, तेंच्यासमोरच.’’

‘‘ता सांगशीत. पण टेकाडाचा काय? उद्या थंय कोण बसतलो?’’

सकाळपासून दत्ताराम याच प्रश्नाला भीत होता. मोठ्याने विचारला गेला तेव्हा त्याला नवल वाटलं, की उत्तर आधीच तयार होतं. नुसतं तोंडातून बाहेर काढायचं होतं, आणि तेच कठीण होतं. बापाची जागा. नारळी पुनवेचा नारळ. त्याने हातातला वड्याचा तुकडा पानात ठेवला.

‘‘सर्वेशाक बसव.’’

‘‘माका पाणी खंय कळता काकानू?’’ सर्वेश दचकला. ‘‘आणि माझा गोव्याचा...’’

‘‘गोवा काय पळान जाणा नाय. जो कावळ्याची वाट बघीत बसता, तो बांगड्याची बघीत. आज ह्या घरात तेवडा तुकाच जमला. पाण्याचो रंग कसो पालटता, ता सांजेक मी दाखवीन.’’

सर्वेश पानाकडे बघत राहिला. मग त्याने विनीताकडे आणखी एक वडा मागितला.

‘‘आणि तू काय करतलंस?’’ बाबूने विचारलं. ‘‘घरात बसतलंस?’’

‘‘घरात बसलंय तर परत तेच. मी दोराक येतंय. शेवटाक उभो कर माका, वाळूत.’’

‘‘ह्या वयात? खुळो काय तू?’’ बाबूचा राग पुरता गेला नव्हता, पण त्यात भावाची काळजी शिरली होती. ‘‘दोराक दोनय हात लागतत, दादा. एकदा ओढूक लागलो की जाळा भायर येयपर्यंत हात सोडूक गावणा नाय.’’

‘‘म्हणानच तर मागतंय,’’ दत्ताराम म्हणाला.